भुजबळ, छगन चंद्रकांत

(१५ ऑक्टोबर १९४७– ). भाजीच्या धंद्यातून मुंबईच्या महापौरपदापर्यंत पोहोचलेले राजकारणी. महाराष्ट्राचे माजी उपमुख्यमंत्री. जन्म नाशिकचा, माळी कुटुंबात. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने आईच्या मावशीने त्यांना मुंबईत माझगावला वाढवले. भायखळ्याच्या मंडईत भाजी विकत त्यांनी व्हीजेटीआयमधून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली.

शिवसेनेचे शाखाप्रमुख म्हणून सुरुवात केलेले भुजबळ १९७३ मध्ये नगरसेवक झाले आणि महापालिकेत विरोधी पक्षनेते म्हणून गाजले. मंडईत कमावलेला चढा आवाज व हजरजबाबीपणा सभागृहात उपयोगी पडला, असे म्हणायला हरकत नाही. १९८५ मध्ये पालिका सेनेच्या ताब्यात येताच ते महापौर झाले. ‘सुंदर मुंबई, मराठी मुंबई’ ही घोषणा त्याच काळातली. १९८६ मध्ये सीमाप्रश्नाच्या आंदोलनासाठी ते वेषांतर करून बेळगावात शिरले व तुरुंगात गेले. १९९०-९१ मध्ये ते पुन्हा महापौर होते.

१९८८ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’ या ग्रंथाच्या वादात दलितांच्या मोर्चानंतर झालेल्या हुतात्मा चौकाच्या ‘शुद्धीकरणा’त ते पुढे होते. पुढे तीनच वर्षांत इतर मागासवर्गीयांना आरक्षण सुचवणाऱ्या मंडल आयोगाच्या प्रश्नावर त्यांनी शिवसेना सोडली आणि १९९२ मध्ये महात्मा फुले समता परिषद स्थापली. ही दोन टोके जुळवताना चरित्रकाराची दमछाक होते. केवळ जातीचा दुवा त्याला पुरत नाही.

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत माझगावात शिवसेनेच्या बाळा नांदगावकरांनी त्यांना हरवले. १९९९ ते २००३ ते उपमुख्यमंत्री होते. २००४ मध्ये त्यांनी निवडणुकीसाठी नाशिक जिल्ह्यातले येवला गाठले. देवळा-उमराण्यापासून लासलगावपर्यंतच्या कांदापट्ट्यात राजकारण बाजारभावावर हलते. जुन्या भाजीविक्रेत्याला ते समजावून सांगावे लागले नसावे.

आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपावरून मार्च २०१६ मध्ये त्यांना अटक झाली. मे २०१८ मध्ये जामीन मिळाला. दिल्लीतील महाराष्ट्र सदनाच्या बांधकाम प्रकरणाच्या लाचलुचपत प्रतिबंधक खटल्यातून विशेष न्यायालयाने २०२१ मध्ये त्यांना दोषमुक्त केले. त्याआधी अन्न व नागरी पुरवठामंत्री म्हणून, २६ जानेवारी २०२० पासून, दहा रुपयांची शिवभोजन थाळी राबवण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. ते वचन मूळचे शिवसेनेचे. २०२४ मध्ये ते येवल्यातून पाचव्यांदा निवडून आले. मे २०२५ मध्ये तेच खाते पुन्हा त्यांच्याकडे आले.