कामठ्याची गढी, गोंदियाचे स्थानक आणि तेंदूचे पान

१/ आजच्या गोंदिया जिल्ह्यातील कामठा हे एकेकाळी मोठ्या जमीनदारीचे ठाणे होते. १८१८ मध्ये येथील जमीनदार चिमणा पटेल याने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. बंड मोडले गेले आणि जमीनदारी लोधी घराण्याकडे गेली. पुढे शतकभरात या मुलखाची आर्थिक सूत्रे पुन्हा हलली. या वेळी ती ज्यांच्या हाती गेली, त्यांच्यापाशी ना फौज होती, ना सनद. ते गुजरातेतून आलेले व्यापारी होते.

२/ जमीनदारी म्हणजे केवळ शेतसारा नव्हे. लाकूड, लाख, मोह, गवत या साऱ्यांवर जंगलाच्या धन्याचा हक्क चाले. याच जंगलात तेंदू, म्हणजे टेंभुर्णी, उदंड होती. तिची फळे लोक खात; पानांना मात्र बाजारात फारसे मोल नव्हते.

३/ पहिला बदल रेल्वेने घडवला. नागपूर-छत्तीसगढ रेल्वे १८८० च्या दशकाच्या आरंभी या भागातून धावू लागली. नंतर ती बंगाल-नागपूर रेल्वेकडे गेली आणि पुढे थेट कलकत्त्याशी जोडली गेली. १९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून जबलपूरपर्यंत अरुंद मापाचा सातपुडा मार्ग पूर्ण झाला. भोवतालच्या जमीनदाऱ्यांचा माल गोंदिया स्थानकावर उतरू लागला. कामठ्याचे महत्त्व ओसरले, गोंदियाचे वाढले.

४/ दुसरा बदल गुजरातेत घडत होता. खेडा जिल्ह्याचा चरोतर हा तंबाखूचा प्रदेश. तेथे विड्या आपट्याच्या जातीच्या पानांत वळल्या जात. १८९९-१९०० च्या ‘छप्पनिया’ दुष्काळाने गुजरात होरपळला. त्याच सुमारास काही व्यापारी मध्य प्रांतात स्थिरावले. जबलपूरची मोहनलाल हरगोविंददास ही त्यांतील नामांकित पेढी. तेंदूचे पान वाळल्यावरही सहज वळते, हे ध्यानी आल्यावर जंगलाचा हिशेबच बदलला.

५/ या धंद्याला यंत्र लागत नसे. पेढी सट्टेदाराला पाने आणि तंबाखू मोजून देई. सट्टेदार ती घरोघर वाटे. बाया-माणसे विड्या वळून परत देत. नापसंत विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला पडत आणि तो तोटा बहुधा वळणाऱ्याच्या माथी येई. कारखाना म्हणजे प्रत्यक्षात शेकडो घरांची ओसरी होती.

६/ परप्रांतीयांना हे कसे साधले? तंबाखू गुजरातचा, पान मध्य प्रांताचे, गिऱ्हाईक देशभर. ही तीन टोके जुळवण्यासाठी दूरदूरच्या गावी विश्वासाचा माणूस आणि उधार भांडवल हवे होते. ते नात्यागोत्यातून मिळाले. सोमाली व्यापाऱ्यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९९१ मध्ये सोमालियातील राजवट कोसळल्यावर अनेक जण केनियात आले. नैरोबीच्या ईस्टली भागात, जेथे वसाहतकाळी भारतीय वंशाच्या कुटुंबांची मोठी वस्ती होती, गॅरिसा लॉज या निवासाच्या खोल्यांतून त्यांनी दुकाने थाटली. कुळाच्या पतीवर चालणाऱ्या देवघेवीतून ईस्टली पूर्व आफ्रिकेतील मोठी बाजारपेठ झाली.

७/ व्यापारातून सार्वजनिक प्रभावही येतो. १९०६ मध्ये नडियादला जन्मलेले मनोहरभाई पटेल गोंदियात विडी व्यवसायात मोठे झाले, विधानसभेवर निवडून गेले आणि १९५८ मध्ये त्यांनी गोंदिया एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. या मागास भागात उच्च शिक्षणाची दारे उघडण्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे.

८/ हा धंदा सर्वांनाच मानवला असे नाही. विडीमुळे शेतीला मजूर मिळत नाहीत, या कारणावरून मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने १९४८ मध्ये कायदा करून शेतीच्या हंगामात ठरावीक गावांतील विडीकामावर बंदी घालण्याचा अधिकार घेतला. सागर जिल्ह्यातील अशा बंदीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५० मध्ये ती अवाजवी ठरून रद्द झाली. चिंतामण राव खटला म्हणून तो आजही कायद्याच्या अभ्यासक्रमात आहे.

९/ मग पानाची मालकी वादात आली. १९५१ मध्ये जमीनदाऱ्या संपल्या. पण व्यापाऱ्यांनी जमीनदारांशी आधीच केलेल्या पानांच्या करारांचे काय? छोटाभाई जेठाभाई पटेल आणि कंपनीच्या दाव्यात १९५२ च्या अखेरीस निकाल व्यापाऱ्यांच्या बाजूने लागला. १९५९ मध्ये महादेव खटल्यात न्यायालयाने उलट भूमिका घेतली: असे करार सरकारला बांधील नाहीत. १९६९ च्या वनोपज व्यापार कायद्याने महाराष्ट्रात तेंदूपानांची मक्तेदारी सरकारकडे आली.

१०/ वळणाऱ्या हातांना कायद्याची ओळख मिळायला अधिक वेळ लागला. १९५८ मध्ये न्यायालयाने सट्टेदार हे कारखाना कायद्याखालचे कामगार नाहीत असे ठरवले. त्यांच्यामार्फत काम करणाऱ्यांनाही ते संरक्षण मिळाले नाही. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने अखेर घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानले.

११/ जमीनदार, व्यापारी आणि सरकार या तिघांनी आळीपाळीने पानावर हक्क सांगितला. एप्रिल-मेच्या उन्हात पाने तोडून पुडे बांधणारे मात्र केवळ मजूरच राहिले. २००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदूसारख्या गौण वनोपजावर त्यांचा हक्क मान्य केला. गडचिरोली-गोंदियातील काही ग्रामसभा आता पानांची विक्री स्वतः करतात. समोर बोली लावणारा व्यापारी आजही बहुधा बाहेरचाच असतो. फरक इतकाच की, भाव ठरवताना आता गावही समोर बसलेले असते.