टोपली, मडके आणि काचेची पेटी

सापाला दूध पाजणे म्हणजे कृतघ्न माणसाला पोसणे, असे आपण शाळेत शिकलो आणि पुढे मुलांना शिकवतही आलो. या वाक्प्रचारात सापावर दुहेरी अन्याय झाला आहे. एक तर साप दूध पीत नाही. ते त्याला पचतच नाही. दिवसेंदिवस पाण्यावाचून ठेवलेला नाग पुढे आलेल्या वाटीत तोंड घालतो तो तहानेपोटी, आवडीने नव्हे. आणि दुसरे असे की, ज्याने आपल्याकडे कधी काही मागितलेच नाही, त्याला कृतघ्न कसे म्हणावे?

फराळाच्या ताटाशेजारी सापाची कथा काहींना रुचणार नाही, हे मी जाणतो. पण अलीकडे वर्गात मुले सरळ विचारतात, "गुरुजी, साप पाळता येतो का हो?" त्यांनी कुठेतरी चित्रात पाहिलेला असतो तो आफ्रिकेतला चार-पाच फुटांचा, तपकिरी-काळ्या नक्षीचा, शांत अजगर. भ्याला म्हणजे डोके मधोमध लपवून अंगाचा चेंडू करतो, म्हणून त्याचे इंग्रजी नाव बॉल पायथन. आपण त्याला चेंडू अजगर म्हणू. मुलांना तो हवा असतो. पण आपल्याकडे साप ठेवणाऱ्यांनी आजवर सापासाठी म्हणून काय केले, हे पाहिल्याखेरीज त्यांच्या प्रश्नाचे उत्तर नीट देता येत नाही.

पहिला मानकरी गारुडी. आमच्या राहुरीच्या बाजारात माझ्या लहानपणापर्यंत तो येत असे. बांबूची चपटी टोपली, तिच्यावर मळकट फडके, गालफडे फुगवून वाजवलेली पुंगी आणि डोलणारा नाग. हा नाग पुंगीच्या सुरावर डोलत नाही; समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून स्वतःला सावरीत असतो. दात काढलेला, कधी तोंड शिवलेला असा तो जीव फार दिवस काढीत नसे. एक मेला की दुसरा पकडायचा. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या साप बाळगणाऱ्या या माणसाला सापाच्या पोटाची विद्या लागलीच नाही, कारण तिची गरजच पडली नाही. त्याला दोष देऊन तरी काय उपयोग? त्याच्या स्वतःच्या पोटाची विद्या कोणाला होती? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती टोपली हळूहळू बाजारातून उठली, आणि टोपलीमागचा माणूस पुढे कुठे गेला याची चौकशी आपण केली नाही.

दुसरे घर बत्तीस शिराळ्याचे. सांगली जिल्ह्यातल्या या गावाची नागपंचमी महाराष्ट्रात गाजलेली. गोरक्षनाथांशी तिचा संबंध सांगतात. सणाआधी काही दिवस गावची मंडळी शिवारात नाग धुंडाळीत. धरलेला नाग मातीच्या मडक्यात ठेवायचा, तोंडाला फडके बांधायचे, उंदीर-बेडूक घालायचे, पंचमीला मिरवायचा आणि मग जिथून आणला तिथेच नेऊन सोडायचा. गारुड्याच्या टोपलीपेक्षा हे मडके कितीतरी दयाळू. निदान इथे परत सोडण्याचा नियम होता, आणि तो श्रद्धेने पाळला जाई. पण मिरवणुकीच्या गोंगाटात, हजारोंच्या गर्दीत त्या प्राण्यावर काय गुदरत असेल हा प्रश्न राहिलाच. तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. २००२ नंतर नाग धरण्यावर बंदी आली आणि पूजा प्रतिमेची होऊ लागली. शिराळकरांना ते फार लागले. मला त्यांचे दुःख खोटे वाटत नाही. पण न्यायालयाचा निर्णयही चुकीचा वाटत नाही.

सरकारची तऱ्हा याहून निराळी. रत्नागिरी जिल्ह्यात १८६२ साली फुरसे मारून आणणाऱ्याला बक्षीस लावले, तेव्हा लोकांनी लाखाच्या वर फुरशी आणून टाकली. विशेष हे की, मेलेल्या सापाला पैसे मोजणारे हेच राज्य पुढे जिवंत सापाला मोल देऊ लागले. मुंबईत प्लेगसाठी आलेल्या डॉ. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये थाटली गेली. १९२५ साली तिला त्यांचेच नाव मिळाले. या संस्थेत पुढे सर्पदंशावरचे औषध होऊ लागले. सापाचे विष काढायचे, ते थोड्याथोड्या वाढत्या मात्रेने घोड्याला टोचायचे आणि घोड्याच्या रक्तात तयार झालेला उतारा माणसासाठी घ्यायचा. त्यासाठी नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही साप जिवंत हवेत, आणि नुसते जिवंत नव्हे तर धडधाकट हवेत. उपाशी, आजारी साप विष तरी किती देणार? कोणता साप किती विष देतो, याच्या नोंदी तिथले संशोधक डॉ. पी. जे. देवरस यांनी बारकाईने ठेवल्या. त्यांचे भारतातल्या सापांवरचे इंग्रजी पुस्तक १९६५ साली नॅशनल बुक ट्रस्टने काढले. सापाची प्रकृती ही वहीत लिहून ठेवण्याजोगी गोष्ट आहे, हे आपल्याकडे परळने शिकवले. स्वार्थापोटी का होईना, पण शिकवले.

मग पुण्याचे नीलिमकुमार खैरे. १९८० साली हा तरुण ७२ विषारी सापांबरोबर एका खोलीत ७२ तास राहिला. न डिवचता साप चावत नाही, हे त्याला लोकांना दाखवायचे होते. पुढे १९८६ साली कात्रजला सर्पोद्यान झाले आणि शाळांच्या सहली तिकडे वळल्या. घरात साप निघाला की काठीऐवजी सर्पमित्राची आठवण व्हावी, हा पालट याच पिढीतला.

आता त्या आफ्रिकेच्या पाहुण्याकडे वळू. गंमत अशी की, त्याच्या मुलखातही एक शिराळे आहे. पश्चिम आफ्रिकेत, आजच्या बेनिन देशात, समुद्रकाठी वीदा नावाचे गाव आहे. तिथे या अजगरांचे देऊळ आहे. देवळातले अजगर मधूनमधून बाहेर सोडतात, ते गावात हिंडून उंदीर खातात, आणि कुणाच्या घरात शिरलाच तर घरचे लोक त्याला मानाने परत आणून देतात. बोसमन नावाच्या डच व्यापाऱ्याने १७०४ च्या आपल्या पुस्तकात इथली एक हकिगत दिली आहे. एका डुकराला साप चावला आणि डुकराने तो खाऊन टाकला. पुजाऱ्यांनी राजाकडे फिर्याद नेली, तेव्हा राजाने मुलखातली सगळी डुकरे मारण्याचे फर्मान काढले! श्रद्धेचा अतिरेक फक्त आपल्याकडेच होतो असे समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

देवळाबाहेरचा चेंडू अजगर मात्र शेतकऱ्याच्या शेजारी राहतो. उंदरांची बिळे, वाळवीची वारुळे हे त्याचे घर. दिवसा आत, रात्री शिकारीला बाहेर. आमच्या उसाच्या फडात धामण जे काम बिनपगारी करते, तेच त्याचे तिकडचे काम. घाना, टोगो, बेनिन या देशांत गाभण माद्या बिळांतून खणून काढतात, अंडी उबवतात आणि पिले हजारोंनी परदेशी धाडतात. १९९२ साली अमेरिकेत पिवळ्या-पांढऱ्या रंगाची पिले मुद्दाम पैदा करण्यात यश आले. तेव्हापासून रंगांची चढाओढ लागली आणि बिळातला उंदीरमार किमती शौक होऊन बसला.

ज्या देशांत तो रीतसर पाळता येतो, तिथे नव्या मालकाची पहिली चूक बहुधा प्रेमाची असते. तो पेटी मोठी घेतो, उघडी ठेवतो, दिवा लावतो आणि पाहुण्याला दिवसभर हाताळतो. बिळात राहणाऱ्याला हे म्हणजे भर चौकात बिछाना घालून दिल्यासारखे. त्याला हवा असतो अंधार आणि अंगाला चिकटून बसेल असा आडोसा. पेटीच्या उबदार बाजूला एक आणि थंड बाजूला एक, असे दोन आडोसे लागतात. सापाला स्वतःची ऊब नसते. ती तो जागा बदलून घेतो. म्हणून एका टोकाला सुमारे ३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५-२६ अंश उष्णता ठेवावी, आणि ती राखायला आपोआप बंद-चालू होणारे यंत्र असावे. नाहीतर तापलेल्या तळाला पोट भाजते आणि साप तिथून उठतही नाही. हवेत ओल हवी. ती कमी पडली तर कात एकसंध निघत नाही, तुकडे राहतात, डोळ्यांवरचे पापुद्रेही अडकतात. पाण्याचे भांडे रोज स्वच्छ. झाकण पक्के, कारण चिकाटीत हा प्राणी कुणाला हार जाणार नाही. आणल्यावर आठवडाभर त्याला हात लावू नये, आणि जेवणानंतर दोन दिवस तरी नाही. हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, लहान मुलांच्या बाबतीत तर अवश्य.

जेवण म्हणजे उंदीर. त्याच्या अंगाच्या जाडीएवढा. पिलाला आठवड्याने, थोराला दोन-तीन आठवड्यांनी. जिवंत उंदीर पेटीत सोडू नये. भूक नसलेल्या सापाला तो उंदीरच कुरतडतो. मारून थंड ठेवलेला उंदीर कोमट करून देतात.

आणि उपास! माझा एक विद्यार्थी अमेरिकेत असतो, त्याच्या मुलाने हा साप घेतला आहे. थंडीत दोन महिने त्याने तोंडाला काही लावले नाही, तेव्हा सगळे घर हवालदिल झाले. इकडे राहुरीत आजीबाई म्हणाल्या, "अरे, वाटीभर दूध तरी ठेव त्याच्यापुढे!" मुलाने ठेवले नाही. दर आठवड्याला तो सापाचे वजन करी आणि वहीत मांडी. वजन फारसे उतरत नव्हते, म्हणजे काळजीचे कारण नव्हते. हा अजगर निरोगी असूनही महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो. वजन झपाट्याने उतरू लागले, श्वासाला घरघर लागली किंवा तोंडाशी फेस दिसला, तर मात्र वैद्याकडे धावायचे. माघात एके रात्री त्याने आपण होऊन उंदीर घेतला. आजीबाईंनी इकडे नारळ फोडला. परळची ती नोंदींची रीत अशी दहा वर्षांच्या मुलाच्या वहीत पाहून मला फार बरे वाटले.

आपल्याकडे मात्र हौसेला कायद्याची वेस आहे. आपले नाग, धामण, अजगर घरी ठेवता येत नाहीत. आपला अजगर तर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. परदेशी चेंडू अजगरही २०२२ च्या दुरुस्तीने कायद्याखाली आला, ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि २०२४ च्या नियमांनी असे प्राणी बाळगणाऱ्याला सरकारदरबारी नोंद सक्तीची केली. तरी चोरटी आयात चालते. २०२३ च्या डिसेंबरात मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत कोंबलेले ९ चेंडू अजगर सापडले. अशा मालाला गिऱ्हाईक आहे म्हणून तो येतो. बिनकागदाचा स्वस्त साप विकत घेणाऱ्याने त्या पुड्याचे पैसे भरलेले असतात.

तेव्हा वर्गातल्या मुलांना मी कायदा सांगतो आणि मग वय विचारतो. "दहा वर्षांचे," ती म्हणतात. मग फळ्यावर हिशेब मांडतो, कारण हा प्राणी वीस-तीस वर्षे सहज जगतो. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात एक ४७ वर्षे जगला. सेंट लुईस शहरात कुणा हौशी माणसाने आपली मादी १९६१ साली प्राणिसंग्रहालयाला देऊन टाकली. २०२० च्या जुलैत, वयाची साठी केव्हाच ओलांडलेली असताना आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ नराचे तोंडही पाहिलेले नसताना, तिने सात अंडी घातली आणि ती त्यांच्याभोवती वेटोळे घालून बसली.