‘लँड होणे’ आणि ‘उतरणे’

गोंदिया जिल्ह्यातील बिरसी येथे ब्रिटिशांनी १९४० मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, धावपट्टी बांधली. मार्च २०२२ मध्ये तेथून नियमित प्रवासी विमानसेवा सुरू झाली. अशा तळावर विमान आले की आपण सहज म्हणतो, ‘लँड झाले’. या क्रियापदाकडे थोडे थांबून पाहू.

इंग्रजीत ‘लँड’ हे मुळात भूमी या अर्थाचे नाम. गलबत किनाऱ्याला लागणे, हा क्रियापदाचा जुना अर्थ त्याच्याशीच बांधलेला. विमाने आली तेव्हा दर्यावर्दींचा हा शब्द वैमानिकांनी उचलला. मराठीत मात्र ‘लँडणे’ रुजले नाही; त्याला ‘होणे’, ‘करणे’ यांचा टेकू द्यावा लागतो.

आपले ‘उतरणे’ही पाण्यातूनच आले आहे. संस्कृत ‘उत्’ हा उपसर्ग आणि ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे हा धातू. मूळ अर्थ पाणी ओलांडून बाहेर येणे. म्हणूनच नदी पायी ओलांडता येते तो ‘उतार’, प्रवासी तो ‘उतारू’. ‘तीर्थ’ आणि ‘अवतार’ याच धातूचे आप्त. वैनगंगेकाठच्या मुलखाला हा अर्थ परका वाटू नये.

दोन्ही भाषांत आकाशाचा शब्द पाण्यावरून आला. भेद इतकाच, की इंग्रजीची नजर गाठलेल्या भूमीवर आहे, मराठीची ओलांडलेल्या प्रवाहावर. ‘लँड होणे’ त्याज्य आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ‘उतरणे’ मागे पडले, तर त्याचे हे गोतही आपल्या बोलण्यातून सुटत जाईल.