निळा पडदा आणि 48 अंकांची किल्ली

19 जुलै 2024 रोजी सकाळी भारतीय वेळेनुसार 9 वाजून 39 मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने विंडोज संगणकांसाठी एक छोटी फाइल प्रसृत केली. अठ्ठ्याहत्तर मिनिटांत ती मागेही घेतली. परंतु तोवर जगभरातील सुमारे 85 लाख यंत्रे निळ्या पडद्यावर थबकली होती. आपल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हाती हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडले, ते याच दिवशी.

दोष तसा क्षुल्लक. त्या फाइलमधील नियम एकविसावे मूल्य तपासू पाहत होता. प्रत्यक्षात पुरवली जात होती वीसच. प्रोग्रॅमने स्मृतीत नको तिथे हात घातला, आणि हा प्रोग्रॅम थेट कर्नलमध्ये चालणारा असल्याने त्याच्यासह सारी ऑपरेटिंग सिस्टीम कोसळली. यंत्र पुन्हा सुरू करावे, तर तीच फाइल पुन्हा वाचली जाई. नेटवर्क जोडले जाण्याआधीच बहुतेक यंत्रे कोसळत, त्यामुळे दुरुस्ती दुरून पाठवणे अशक्यप्राय झाले. सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसणे हाच उपाय होता. काम काही मिनिटांचे, पण प्रत्येक लॅपटॉपपाशी माणूस हवा!

येथे इतिहासात थोडे मागे जायला हवे. विंडोज 98 च्या काळी संकटसमयी फ्लॉपी शोधावी लागे, एक्सपीच्या काळी सीडी. पुढे लॅपटॉप उत्पादकांनी सीडी देणे कमी करून डिस्कवरच एक लपलेला रिकव्हरी विभाग ठेवण्यास सुरुवात केली. 2007 मध्ये आलेल्या व्हिस्टाने स्वतंत्र रिकव्हरी एन्व्हायर्न्मेंट दिले: मुख्य प्रणाली निकामी झाली तरी सुरू होणारी छोटी प्रणाली. त्याच व्हिस्टासोबत डिस्क कुलूपबंद करणारे बिटलॉकरही आले. एक संकटात दार उघडणारे, दुसरे परक्याला दार न उघडणारे. सतरा वर्षांनी ही जुळी भावंडे समोरासमोर उभी ठाकली. कूटबद्ध डिस्कवरील फाइल पुसण्यासाठी 48 अंकांची किल्ली आवश्यक होती, आणि कित्येक संस्थांत ती किल्ली ज्या सर्व्हरवर जपलेली होती, तोही निळा पडदा दाखवीत होता. किल्ली हाती न लागल्यास उरतो तो पुनर्स्थापनेचा मार्ग. त्याने यंत्र जगते, आतील मजकूर मात्र जातो. बिटलॉकरला दोष देणे मला न्याय्य वाटत नाही; चोरीला गेलेल्या लॅपटॉपचे रक्षण हे त्याचे काम, आणि ते त्याने चोख केले.

भारतात सर्ट-इनने त्याच दिवशी सूचनापत्र काढले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे जाळे अबाधित राहिले. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत दहा बँका व वित्तसंस्थांना किरकोळ अडथळे आल्याचे आढळले.

नोव्हेंबर 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने क्विक मशीन रिकव्हरी जाहीर केली. यंत्र वारंवार कोसळू लागले, की रिकव्हरी एन्व्हायर्न्मेंट स्वतःच इंटरनेटला जोडले जाते आणि दुरुस्ती उतरवून घेते. अर्थात, जागा वाचवण्यासाठी कोणी तो लपलेला विभागच पुसून टाकला असेल, तर मदतीला येतो तो पुन्हा पेनड्राइव्हच.