मंडळीचे निमंत्रण आणि गावकुसाबाहेरचा माणूस

महाराष्ट्रातील ख्रिस्ती मिशनचा इतिहास आजवर दोन ठराविक चालींवर सांगितला गेला. एका चालीत 'आमिष दाखवून बाटवले' हा आरोप आहे, तर दुसरीत 'अंधारातून उजेडात आणले' हा अभिमान. दोन्हीकडे महार-मांग मुका आहे. निमंत्रण त्याला होते. पण त्या निमंत्रणात त्याने काय ऐकले आणि आत गेल्यावर तो कोणाच्या पंगतीला बसला, हे कोणी विचारले नाही. धर्मप्रसाराची खरी कसोटी मात्र पंगत हीच आहे.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) त्यांनी ठाणे केले. ब्राह्मण आला की त्याच्या मागून बाकीचा समाज येईल, असा हिशेब त्या काळी अनेक मिशनऱ्यांचा होता. १८३९ साली हरिपंत खिस्ती आले, तेव्हा तो खरा ठरेल असे वाटले असावे. पण नगर जिल्ह्यात मंडळ्या उभ्या राहिल्या त्या महारवाड्यात. त्या माणसाने काय ऐकले? चोखोबाचा देव त्याला परका नव्हता. परके होते ते देऊळ. विठ्ठल चोखोबाचा, पण चोखोबाची समाधी पायरीपाशी! पंढरपूरचे देऊळ अस्पृश्यांना उघडायला १९४७ साल उजाडावे लागले. ज्याला देव कबूल पण दार बंद, त्याला कोणी 'आत ये, आमच्याबरोबर बस, याच पेल्यातून पी' असे म्हटले, तर त्याच्या कानावर पडते ते केवळ धर्मशास्त्र नव्हे. ती माणूसपणाची हाक असते.

म्हणूनच 'पोटार्थी ख्रिस्ती' हा शिक्का अन्यायाचा आहे. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर खेड्यापाड्यांतून बाप्तिस्म्यांची संख्या वाढली, हे खरे. पण पाणवठ्यावरून हाकलल्या जाणाऱ्या माणसाची भूक आणि त्याचा अपमान वेगळे काढता येत नाहीत. भाकरीबरोबर मान मिळत असेल, तर तिकडे जाणे ही लाचारी नव्हे, तो निर्णय आहे.

हाकेचा आणखी एक प्रकार होता: बोलायला जागा देणे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या परंपरेतील शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या मांग मुलीचा निबंध १८५५ साली मिशनच्या 'ज्ञानोदय'ने छापला. ती ख्रिस्ती झालेली नव्हती. आम्हा मांग-महारांचा धर्म तरी कोणता, असा तिचा थेट देवालाच सवाल होता. बाप्तिस्म्याची अट न घालता छापलेला तो सवाल कोणत्याही प्रवचनापेक्षा मोठा आहे.

१८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी ही हाक अभंग-कीर्तनातून मराठी केली. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात बोलावले. लक्ष्मीबाईंचे सोवळे कसे गळत गेले, ते 'स्मृतिचित्रे'त आहे. एकाच पंगतीची किंमत दोघांना वेगवेगळी पडते, हे त्यातून कळते. ब्राह्मणाला काही टाकून यावे लागते. महाराला प्रथमच काही मिळणार असते.

पण मिळाले का? मंडळी महारवाड्यात भरली, म्हणून मांग बिचकला. एका पेल्याची शपथ घेतलेल्यांनी सोयरिकीच्या वेळी जात विचारली. या व्यंगावर बाबासाहेबांनी नेमके बोट ठेवले. १९३५ च्या येवले घोषणेनंतर त्यांच्याकडे सर्व धर्मांची निमंत्रणे आली. ख्रिस्ताविषयी त्यांना आदर होता. तरी १९३८ च्या आरंभी सोलापूरला ख्रिस्ती समाजासमोर बोलताना त्यांनी त्यांच्या सामाजिक निष्क्रियतेवर टीका केली. धर्मांतरितांच्या स्थितीवरील त्यांचे लेखन १९८९ साली प्रसिद्ध झाले. त्यातही सवाल हाच आहे, की धर्म बदलला, पण जात गेली का? १९५६ साली ते बुद्धाकडे गेले.

राज्यसंस्थेने वेगळाच अन्याय केला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला. गाव त्याला महार-मांग म्हणून ओळखते, कायदा ख्रिस्ती म्हणून. १९८१ साली अरविंद निर्मळ यांनी बंगळूरला दलितांच्या ईश्वरविद्येचा विचार मांडला, तो या दुहेरी बहिष्कृताच्या बाजूने. वेदना भोगणाऱ्याच्या अनुभवातूनच देवाविषयी बोलले पाहिजे, हा त्याचा गाभा.

'आमच्या मंडळीत या, श्रद्धेचा अनुभव घ्या' असे आजही म्हटले जाते. म्हणणाऱ्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण गावकुसाबाहेरच्या माणसाने अनुभव भरपूर घेतले आहेत. त्याला विचारायचे आहे ते इतकेच: पेला एक आहे, सोयरिकीचे काय? महारवाड्यातली मंडळी मांगवाड्यात कधी जेवायला जाते? हा प्रश्न केवळ ख्रिस्ती मंडळीला नाही. विहारात बसणाऱ्या आपल्यालाही तो तितकाच लागू आहे.