गर्दीचा आवाज

फुटबॉलचा सामना आवाज बंद करून पाहिलाय कधी? मी पाहतो, नाइलाजाने. युरोपातले सामने आपल्याकडे रात्री उशिरा लागतात, घरचे झोपलेले असतात, म्हणून टीव्ही म्यूट. पण पंधरा-वीस मिनिटांतच काहीतरी हरवल्यासारखं वाटायला लागतं. बॉल तोच, खेळाडू तेच, पण सगळं मत्स्यालयातल्या माशांसारखं दिसतं. मग मी निमूटपणे हेडफोन शोधायला उठतो.

तर हा आवाज आला कुठून, लोक मैदानात गायला कधी लागले, असा प्रश्न एका शनिवारी पडला आणि वाचत बसलो. म्हटलं, गमतीदार विषय आहे, वीकेंडला एक लेख होऊन जाईल. पण वाचता वाचता लिव्हरपूलच्या ॲनफील्ड मैदानातल्या एका स्टँडपाशी येऊन अडकलो, आणि विषय वाटला होता तेवढा गमतीदार राहिला नाही.

या स्टँडचं नाव कॉप. गोलपोस्टच्या मागे १९०६ साली बांधलेला पायऱ्यापायऱ्यांचा उंच उतार. पूर्ण नाव 'स्पायन कॉप'. हे नाव अर्नेस्ट एडवर्ड्स नावाच्या तिथल्या एका क्रीडा संपादकाने सुचवलं. स्पायन कॉप ही दक्षिण आफ्रिकेतली एक टेकडी. बोअर युद्धात जानेवारी १९०० मध्ये ती जिंकायला गेलेल्या ब्रिटिश सैन्याने जबर मार खाल्ला, आणि मेलेल्यांत लिव्हरपूलच्या आसपासच्या, म्हणजे लँकेशायरच्या पलटणींतली बरीच पोरं होती. त्यांची आठवण म्हणून हे नाव. गंमत म्हणजे त्याच युद्धात, त्याच टेकडीवरच्या जखमींना स्ट्रेचरवरून वाहून नेणाऱ्यांमध्ये तीस वर्षांचा एक हिंदी वकील होता. मोहनदास करमचंद गांधी! त्यांनी उभारलेल्या हिंदी लोकांच्या शुश्रूषा पथकात सुमारे ११०० माणसं होती. कॉपवर उभं राहून ओरडणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे.

थोडक्यात काय, तर या जागेच्या नावातच मेलेल्यांची आठवण आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९२८ साली कॉपवर छप्पर आलं. एका वेळी तब्बल २८,००० माणसं तिथे उभी राहत. खुर्च्या नाहीत, नंबर नाहीत. चांगली जागा हवी तर लवकर या आणि ताटकळत उभे राहा. या ताटकळणाऱ्या लोकांसाठी साठच्या दशकात मैदानातल्या लाउडस्पीकरवर त्या आठवड्याची गाजलेली गाणी लावायचे. आता हे साठच्या दशकातलं लिव्हरपूल, म्हणजे बीटल्सचं गाव. लोक गाणार नाहीत तर काय करणार?

१९६३ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्याच जेरी अँड द पेसमेकर्स या बँडने 'यू विल नेव्हर वॉक अलोन' हे गाणं काढलं. मूळ गाणं अमेरिकन, रॉजर्स आणि हॅमरस्टीन या जोडीच्या १९४५ च्या 'कॅरोसेल' या संगीत नाटकातलं. त्यात नवरा गेलेल्या बाईला धीर देताना ते गायलं जातं. म्हणजे फुटबॉलशी दूरान्वयानेही संबंध नाही. जेरीची आवृत्ती इंग्लंडात चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. मग रिवाजाप्रमाणे खाली घसरली. पण कॉपने ती सोडली नाही. साठ वर्षं होऊन गेली, अजून चालू आहे.

१९६४ मध्ये बीबीसीच्या 'पॅनोरमा'ने कॉपवर चित्रीकरण केलं. तो तुकडा इंटरनेटवर सापडतो, जरूर बघा. कोट-टाय घातलेली माणसं, घामाघूम पोरं, सगळी एकमेकांना चिकटून उभी. अख्खा जमाव लाटेसारखा पुढेमागे झुलतोय आणि बीटल्सची गाणी म्हणतोय. वार्ताहर एखाद्या दूरच्या बेटावरच्या जमातीचं वर्णन करावं तसं गंभीर चेहऱ्याने बोलतोय.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. इतकी माणसं, कोणी कंडक्टर नाही, तरी सुरात कशी राहतात? आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टँडची लांबी शंभर मीटर धरली तर एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोचायला जवळपास ०.३ सेकंद लागतो. जलद गाण्यात एवढ्या वेळात एक अक्षर निघून जातं. सोसायटीच्या गणपतीची आरती आठवा, मागची रांग पुढच्या रांगेपेक्षा नेहमी अर्धा शब्द मागे असते. म्हणून मैदानात दोनच प्रकार टिकतात: एकतर टाळ्यांच्या ठोक्यावरच्या छोट्या घोषणा, नाहीतर लांब स्वरांची संथ गाणी, ज्यात हा उशीर विरघळून जातो. 'यू विल नेव्हर वॉक अलोन' दुसऱ्या प्रकारातलं. हा आपला माझा हिशोब, पण मला पटलाय.

असो. आता न गमतीचा भाग.

सत्तरच्या दशकात इंग्लंडमध्ये प्रेक्षकांच्या मारामाऱ्या वाढल्या. उपाय म्हणून मैदानाकडेच्या बाजूला लोखंडी जाळ्या लावल्या आणि उभ्या प्रेक्षकांच्या जागांचे पिंजरे केले. लिव्हरपूलचे लोक काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. २९ मे १९८५ ला ब्रसेल्सच्या हेसेल स्टेडियममध्ये युव्हेंटसविरुद्धच्या अंतिम सामन्याआधी त्यांच्यातले काही जण समोरच्या प्रेक्षकांवर धावून गेले. पळणारे लोक भिंतीपाशी दाबले गेले, भिंत कोसळली, ३९ माणसं मेली. बहुतेक इटालियन. पुढे लिव्हरपूलच्या १४ प्रेक्षकांना सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली. हे टाळून पुढची गोष्ट सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल.

१५ एप्रिल १९८९. शेफील्डचं हिल्सबरो मैदान, एफए कपचा उपांत्य सामना, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लिव्हरपूलच्या लोकांना लेपिंग्ज लेनची बाजू दिलेली. बाहेर फिरत्या फाटकांपाशी गर्दी तुंबली. २ वाजून ५२ मिनिटांनी पोलिसांच्या हुकमाने बाहेर पडायचं मोठं फाटक आत येण्यासाठी उघडलं. आत गेलेल्यांसमोर एक बोगदा होता आणि तो थेट मधल्या दोन पिंजऱ्यांत जात होता. ते आधीच खचाखच भरलेले. बोगदा बंद करून लोकांना कडेच्या पिंजऱ्यांकडे वळवायला कोणालाही उभं केलं नव्हतं. पुढे जाळी, मागून लोंढा. सामना सुरू झाला आणि ३ वाजून ६ मिनिटांच्या सुमारास थांबला. ९७ माणसं गेली. त्या दिवशी ९४, बाकीची नंतर.

यानंतर जे झालं ते वाचताना मला जास्त राग आला. पोलीस कमांडर डेव्हिड डकनफिल्ड यांनी त्याच दुपारी सांगितलं की प्रेक्षकांनी फाटक फोडलं. चार दिवसांनी 'द सन'ने पहिल्या पानावर 'द ट्रूथ' अशा मथळ्याखाली छापलं की प्रेक्षकांनी मृतांचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली. मेलेल्यांच्या रक्तात दारू किती आहे हे तपासलं गेलं, त्यात लहान मुलंही होती. १९९० पर्यंत न्यायमूर्ती टेलर यांनी दोष मुख्यतः पोलीस नियंत्रणाचा होता असं स्वच्छ लिहिलं, तरी १९९१ च्या चौकशीत निकाल 'अपघाती मृत्यू' असाच लागला.

खरं सांगू? मी तेव्हा तिथे असतो तर मीही 'द सन'वर विश्वास ठेवला असता. चेंगराचेंगरीची बातमी वाचली की माझ्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: "लोकांना शिस्तच नाही." फाटक कोणी उघडलं, रस्ता कुठे जात होता, आत किती माणसं मावत होती, हे प्रश्न नंतर. ऑफिसात सिस्टिम कोसळली तर आपण युजरला शिव्या देत नाही, लॉग बघतो. माणसांच्या गर्दीच्या बाबतीत मात्र लॉग न बघताच निकाल.

दुर्घटनेनंतर चारच दिवसांनी मिलानमध्ये एसी मिलान आणि रेआल माद्रिद यांचा सामना होता. रेफरीने तो सुरुवातीलाच थांबवला. सगळे शांत उभे राहिले आणि मग मिलानच्या प्रेक्षकांनी लिव्हरपूलचं गाणं म्हटलं. हेसेलमध्ये मेलेली माणसं बहुतेक इटालियन होती, हे आठवून हा प्रसंग पुन्हा वाचा. लिव्हरपूल शहरात कट्टर वैरी एव्हर्टनच्या लोकांनी आपले निळे स्कार्फ लालांना बांधत बांधत दोन्ही मैदानांमधलं अंतर जोडलं.

पुढची वर्षं अर्ज, खटले, चौकशा. हे काम मृतांच्या घरच्यांनी केलं, त्याचं श्रेय कोणत्याही गाण्याला देता येणार नाही. पण विसर पडू न देण्याचं काम कॉपने केलं. तोवर कॉपही बदलला होता. टेलर अहवालानंतर मोठ्या मैदानांत सगळीकडे खुर्च्या सक्तीच्या झाल्या आणि ३० एप्रिल १९९४ ला उभा कॉप शेवटचा भरला. त्या दिवशी लिव्हरपूल नॉर्विचकडून ०-१ हरलं. आवाज खुर्च्यांवर गेला, पण गेला नाही.

६ जानेवारी २००७ ला ॲनफील्डवर आर्सेनलविरुद्ध सामना होता, बीबीसीवर थेट प्रक्षेपण. 'द सन'चे तेव्हाचे संपादक केल्विन मॅकेन्झी यांना माफी मागायची इच्छा नव्हती, आणि बीबीसीने त्यांना कार्यक्रमाचं काम दिलं होतं. त्या दिवशी कॉपने कागद धरून 'द ट्रूथ' ही अक्षरं उभी केली आणि पहिली सहा मिनिटं, म्हणजे १९८९ चा सामना जेवढा चालला तेवढा वेळ, एकच घोषणा दिली. 'जस्टिस फॉर द नाइंटी-सिक्स.' तेव्हा आकडा ९६ होता. प्रेक्षक घरबसल्या म्यूट करू शकतात, पण थेट प्रक्षेपणात ही घोषणा वगळायची कशी?

१५ एप्रिल २००९ ला विसावा स्मृतिदिन. तीस हजारांच्या आसपास लोक ॲनफील्डवर. सरकारतर्फे मंत्री अँडी बर्नहॅम बोलायला उभे राहिले. ते स्वतः एव्हर्टनवाले, तिथल्याच भागातले. भाषण चालू असताना कोणीतरी ओरडलं, मग दुसरा, मग सगळं मैदान उभं राहून तीच घोषणा देऊ लागलं. बर्नहॅम थांबले, ऐकत राहिले. परत जाऊन त्यांनी विषय मंत्रिमंडळात नेला, कागदपत्रं खुली करण्याचं ठरलं आणि स्वतंत्र समिती नेमली गेली.

१२ सप्टेंबर २०१२ ला समितीचा अहवाल आला. पोलिसांच्या १६४ जबान्यांमध्ये फेरफार केलेले सापडले, त्यातल्या ११६ मधून पोलिसांना अडचणीचा मजकूर काढलेला. वेळेवर उपचार मिळते तर ४१ जण वाचू शकले असते. जुने निकाल रद्द झाले, नवी चौकशी बसली. तिच्यात डकनफिल्ड यांनी फाटकाबद्दल खोटं बोलल्याचं कबूल केलं. २६ एप्रिल २०१६ ला ज्युरीने सांगितलं की ही माणसं बेकायदेशीरपणे मारली गेली आणि प्रेक्षकांचा दोष नाही. २७ वर्षं! मृतांच्या घरचे न्यायालयाबाहेर आले आणि त्यांनी तेच गाणं म्हटलं. नवरा गेलेल्या बाईसाठी लिहिलेलं.

इथे थांबलो असतो तर शेवट गोड झाला असता. पण डकनफिल्ड यांना २०१९ मध्ये ज्युरीने निर्दोष ठरवलं. शिक्षा म्हणाल तर हिल्सबरोच्या यजमान क्लबच्या तेव्हाच्या सचिवांना सुरक्षा नियमांच्या उल्लंघनाबद्दल ६,५०० पौंड दंड. बस्स.

आणि गर्दीचंही तसंच. प्रतिस्पर्धी स्टँडमधून याच मृतांची टिंगल करणाऱ्या घोषणा अनेक वर्षं चालल्या. लिव्हरपूलच्या काही लोकांनी १९५८ च्या म्युनिक विमान अपघातावरून मँचेस्टर युनायटेडला असंच डिवचलंय, त्या अपघातात २३ माणसं गेली होती. शेवटी २०२३-२४ च्या हंगामापासून प्रीमियर लीग, एफए, पोलीस आणि सरकारी वकील यांना मिळून अशा घोषणांविरुद्ध पावलं उचलावी लागली. घसा तोच. त्यातून शोक निघतो आणि घाणही. २००५ मध्ये युव्हेंटस ॲनफील्डवर आले तेव्हा कॉपने 'आमिचित्सिया', म्हणजे मैत्री, हा शब्द कागदांनी उभा केला. काही इटालियन प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, पुष्कळांनी पाठ फिरवली. त्यांना तो हक्क होताच.

२०२१ च्या जुलैमध्ये त्या दिवशी जखमी झालेले एक गृहस्थ त्याच जखमांमुळे वारले. ३२ वर्षांनी. लिव्हरपूलच्या जर्सीच्या मानेमागे ज्योतींच्या मध्ये ९६ असायचं, २०२२-२३ पासून तिथे ९७ आलं.

परवा पुन्हा सामना लावला. सुरू व्हायच्या आधी ते गाणं असतं, ते मी एरवी चहा करण्यात घालवायचो. या वेळी हेडफोन आधीच लावून बसलो होतो.