प्रशिक्षक हटवा! : एन्झो बेआरझोत आणि इटलीचा १९८२ चा विश्वचषक

१/
२३ जून १९८२. स्पेनच्या वायव्य किनाऱ्यावरील व्हिगो हे बंदराचे शहर. फुटबॉल विश्वचषकाच्या पहिल्या फेरीतील शेवटच्या सामन्यात इटलीला कॅमेरूनशी १-१ अशी बरोबरी पत्करावी लागली. त्याआधी पोलंडशी ०-०, पेरूशी १-१. तीन सामने, तीन बरोबऱ्या, एकूण दोन गोल. कॅमेरूनच्याही तीन बरोबऱ्याच होत्या, परंतु त्यांचा गोल एकच. त्या एका जास्तीच्या गोलाच्या आधारावर इटलीचा संघ पुढच्या फेरीत गेला. विश्वचषक दोनदा जिंकलेल्या देशाला हे यश पराभवाहूनही लाजिरवाणे वाटले, आणि साऱ्या रोषाचे धनी झाले एकच गृहस्थ : प्रशिक्षक एन्झो बेआरझोत.

२/
अडखळणाऱ्या संघाने लोकांना नकोसा झालेला प्रशिक्षक ठेवावा की हटवावा, हा वाद फुटबॉलइतकाच जुना आहे. बेआरझोत यांची कथा बहुधा 'टीकाकारांची तोंडे बंद झाली' अशा थाटात सांगितली जाते आणि ११ जुलै १९८२ रोजी संपवली जाते. ती पुढे आणखी चार वर्षे चालते, आणि या प्रश्नाचे अधिक अवघड उत्तर त्या चार वर्षांत दडलेले आहे. म्हणून या धाग्यात आपण ती १९८६ पर्यंत नेणार आहोत.

३/
आधी माणूस कोण होता ते पाहू. जन्म १९२७, ईशान्य इटलीतील फ्रिउली प्रांतात. खेळाडू म्हणून इंटर, कातानिया आणि तोरिनो या क्लबांकडून खेळले. राष्ट्रीय संघातून मात्र अवघा एक सामना. तोंडात पाईप, मुष्टियोद्ध्यासारखे बसके नाक, मितभाषी स्वभाव. खेळाडू त्यांना 'वेचो' म्हणत. तिकडच्या बोलीत त्याचा अर्थ 'म्हातारा'. १९७५ पासून फुल्व्हिओ बेर्नार्दिनी यांच्या जोडीने आणि १९७७ पासून स्वतंत्रपणे त्यांनी राष्ट्रीय संघ सांभाळला.

४/
ते आरंभापासून अप्रिय नव्हते. १९७८ च्या विश्वचषकात त्यांच्या संघाने पुढे विजेत्या ठरलेल्या अर्जेंटिनाला तिच्याच भूमीवर १-० असे हरवले आणि चौथे स्थान मिळवले. आक्रमणाची सूत्रे रोबेर्तो बेत्तेगा आणि २१ वर्षांचा पाओलो रॉसी यांच्याकडे होती. केवळ बचावाच्या जोरावर सामने काढणारा संघ अशी ज्या देशाची ख्याती, त्याचा हा मोकळा खेळ पाहून जग चकित झाले होते.

५/
मग १९८० च्या मार्चमध्ये घाव बसला. सामने ठरवून खेळल्याच्या आणि सट्टेबाजीच्या प्रकरणात खेळाडूंना थेट मैदानांवरून अटक झाली. इतिहासात हे प्रकरण 'तोतोनेरो' या नावाने ओळखले जाते. मिलान आणि लात्सिओ हे मातब्बर क्लब दुसऱ्या श्रेणीत ढकलले गेले. रॉसीवर तीन वर्षांची बंदी आली. अपिलात ती दोन वर्षांवर आली. आपण निर्दोष आहोत, असे तो अखेरपर्यंत सांगत राहिला. लात्सिओचा आघाडीचा खेळाडू ब्रुनो जोर्दानो हाही बंदीत अडकला.

त्याच उन्हाळ्यात युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा इटलीतच भरली. यजमानांनी चार सामन्यांत दोन गोल केले आणि चौथ्या क्रमांकावर समाधान मानले. पुढे नोव्हेंबर १९८१ मध्ये बेत्तेगाचा गुडघा दुखावला आणि तोही विश्वचषकाला मुकला.

६/
येथे जरा थांबू. १९८० ते १९८२ या काळात इटलीचा संघ गोल का करत नव्हता? प्रशिक्षकाची रीत चुकली होती म्हणून, की त्या रीतीला लागणारी माणसे हाती नव्हती म्हणून? या दोन कारणांमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिले खरे असेल तर प्रशिक्षक बदलावा. दुसरे खरे असेल तर नवा प्रशिक्षक आणून काही साधत नाही, कारण नव्यालाही रॉसी आणि बेत्तेगा यांच्यावाचूनच खेळावे लागणार. प्रेक्षागारातून मात्र दोन्हींचे दर्शन सारखेच घडते : रिकामे गोलपोस्ट आणि फलकावरचे शून्य.

७/
तथापि टीकाकारांना मूर्ख ठरवणे हा इतिहासाशी अन्याय होईल. रॉसीची बंदी एप्रिल १९८२ च्या अखेरीस संपली. त्यानंतर युव्हेंटसकडून तो केवळ तीन सामने खेळला, आणि तेवढ्यावर बेआरझोत यांनी त्याला विश्वचषकासाठी निवडले. उलट रोमा क्लबचा रोबेर्तो प्रुझ्झो सलग दोन हंगाम इटालियन लीगमधील सर्वाधिक गोल करणारा खेळाडू होता, आणि त्याला बावीस जणांतही स्थान मिळाले नाही. दोन वर्षे चेंडूला स्पर्धात्मक पाय न लावलेला माणूस आत आणि गोलांचा सम्राट बाहेर! त्या वेळी रोममध्ये राहत असतो, तर आपणही मोठ्याने ओरडलो असतो.

८/
बेआरझोत यांचा युक्तिवाद वेगळा होता. त्यांना बावीस उत्तम खेळाडू नको होते. एकमेकांच्या हालचाली डोळे मिटून ओळखणारे अकरा हवे होते. गोलरक्षक डिनो झॉफ, बचावात जेंटिले, काब्रिनी आणि शिरेआ, मध्यरक्षणात तार्देल्ली आणि पुढे रॉसी असे सहा जण एकट्या युव्हेंटसचे. जेंटिलेने प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत घातक खेळाडूला सावलीसारखे चिकटायचे. शिरेआने सर्वांच्या मागे मोकळे राहून फटी बुजवायच्या आणि संधी दिसताच स्वतः चेंडू घेऊन पुढे निघायचे. काब्रिनीने डाव्या कडेने धावत आक्रमणात सामील व्हायचे. या यंत्राच्या टोकाला उंचापुरा, दांडगा गोलमार नको होता. बचावपटूच्या पाठीमागून अर्ध्या पावलाने पुढे सरकणारा चोरपावलांचा माणूस हवा होता. तो म्हणजे रॉसी. निदान १९७८ चा रॉसी.

९/
व्हिगोतील तीन सामन्यांत तो रॉसी कुठेच दिसला नाही. पेरूविरुद्ध तर मध्यंतरालाच त्याला बाहेर बसवावे लागले. वृत्तपत्रांचा सूर चढत गेला. खेळाडूंना मिळणाऱ्या बक्षिसाच्या रकमांवरून गदारोळ झाला, काहींच्या खासगी आयुष्याविषयी कुजबुज छापून आली. तेव्हा संघाने पत्रकारांशी बोलणेच बंद केले. प्रवक्ता म्हणून पुढे केला तो चाळीस वर्षांचा कर्णधार झॉफ. साऱ्या संघात सर्वांत कमी बोलणारा माणूस! यामागे थोडी मिस्कील योजना असावी, असे मानण्याचा मोह होतो.

१०/
दुसऱ्या फेरीत तीन-तीन संघांचे चार गट होते आणि प्रत्येक गटातून एकच संघ उपांत्य फेरीत जाणार होता. इटलीच्या वाट्याला आले गतविजेते अर्जेंटिना आणि झिको, सॉक्रेटिस, फाल्काओ यांचा ब्राझील. मैदान बार्सिलोनातील सारिया. २९ जूनला जेंटिलेने मॅराडोनाला श्वास घेऊ दिला नाही. कायद्याच्या चौकटीत किती आणि बाहेर किती, यावर आजही वाद चालतो. इटलीने तो सामना २-१ असा जिंकला. गोल तार्देल्ली आणि काब्रिनीचे. रॉसी पुन्हा कोरडा.

चार सामने, शून्य गोल. तरीही ५ जुलैला ब्राझीलविरुद्ध पहिल्या अकरात त्याचे नाव होते.

११/
पाचव्या मिनिटाला काब्रिनीचा चेंडू डावीकडून आला आणि रॉसीने तो डोक्याने आत लोटला. बाराव्या मिनिटाला सॉक्रेटिसने बरोबरी साधली. पंचविसाव्या मिनिटाला ब्राझीलच्या बचावफळीतील एक निष्काळजी पास रॉसीने मध्येच हिरावला : २-१. अडुसष्टाव्या मिनिटाला फाल्काओने पुन्हा बरोबरी केली. (हा फाल्काओ १९८० पासून रोमा क्लबकडून खेळत होता, इटालियन बचावाच्या खोडी त्याला घरच्यासारख्या ठाऊक होत्या.) ब्राझीलला पुढे जाण्यास बरोबरी पुरेशी होती. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला कॉर्नरनंतरच्या गर्दीत चेंडू रॉसीच्या पायाशी आला : ३-२.

अगदी अखेरीस ब्राझीलच्या ऑस्करचा हेडर गोलरेषेकडे निघाला. झॉफने तो रेषेवर दाबून धरला.

१२/
तो चेंडू चार बोटे पुढे गेला असता तर? सामना ३-३, इटली स्पर्धेबाहेर, आणि बेआरझोत यांची गच्छंती बहुधा अटळ. मग आज आपण प्रुझ्झोला डावलणाऱ्या हटवादी म्हाताऱ्याची गोष्ट वाचत असतो. पण निर्णय तोच असता आणि त्यामागची कारणेही तीच असती. रॉसीला ठेवणे हा जुगार होता, आंधळा हट्ट नव्हता. अडचण कशाने आली आहे याचे निदान त्या प्रशिक्षकापाशी होते आणि उपायही त्या निदानाला धरूनच होता. झॉफचा हात त्या निदानाला खरे वा खोटे ठरवू शकत नव्हता. त्याने केवळ त्यांची खुर्ची वाचवली.

१३/
पुढचे सर्वश्रुत आहे. उपांत्य सामन्यात पोलंडवर २-० असा विजय, दोन्ही गोल रॉसीचे. ११ जुलैला माद्रिदच्या बेर्नाबेऊ मैदानात पश्चिम जर्मनीविरुद्ध काब्रिनीने पेनल्टी दवडली, तरी रॉसी, तार्देल्ली आणि अल्तोबेल्ली यांच्या गोलांनी ३-१ असा विजय मिळाला. रॉसी सहा गोलांसह स्पर्धेत सर्वप्रथम. परतीच्या विमानात राष्ट्राध्यक्ष सांद्रो पेर्तीनी, झॉफ, काउझिओ आणि पाईप ओढणारे बेआरझोत पत्ते खेळत बसले आहेत आणि समोर मेजावर विश्वचषक ठेवला आहे, हे छायाचित्र इटलीत घरोघरी ओळखले जाते. तीन आठवड्यांपूर्वी ज्यांची हकालपट्टी मागितली जात होती, त्यांना देशाने डोक्यावर घेतले.

१४/
आता उत्तरार्ध. १९८४ च्या युरोपीय स्पर्धेसाठीच्या पात्रता फेरीत विश्वविजेत्यांनी आठ सामन्यांत एकच विजय मिळवला, तोही शेवटच्या सामन्यात सायप्रसवर. त्याच सायप्रसशी त्याआधी १-१ अशी बरोबरी झाली होती. स्वीडनकडून दोनदा हार, त्यांपैकी नेपल्समध्ये ०-३. पाच संघांच्या गटात इटली चौथी! ही कामगिरी व्हिगोतील तीन बरोबऱ्यांहून कितीतरी वाईट होती. तरीही बेआरझोत यांचे आसन हलले नाही. विश्वचषक आणणाऱ्याला कोण हात लावणार?

१५/
आणि या वेळी रोगाचे कारण उलटे होते. १९८० ते ८२ मध्ये त्यांची माणसे त्यांच्यापाशी नव्हती म्हणून संघ अडला. आता ती माणसे होती, पण वयाने आणि दुखापतींनी थकलेली. ज्यांनी माझ्यासाठी शिव्या खाल्ल्या त्यांना मी टाकणार नाही, या निष्ठेने १९८२ जिंकून दिले होते. तीच निष्ठा आता नव्या माणसांची वाट अडवू लागली. १९८६ च्या मेक्सिको विश्वचषकासाठी रॉसीला पुन्हा निवडले गेले, आणि तो एकही मिनिट खेळला नाही. मिलानचा फ्रांको बारेसी, जो पुढे त्या पिढीतील श्रेष्ठ बचावपटूंत गणला गेला, तो घरी राहिला. त्याचा थोरला भाऊ जुझेप्पे मात्र संघात होता.

१६/
फ्रान्सचेही एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. एमे जाके यांच्यावर कांतोना आणि जिनोला यांना वगळल्याबद्दल वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षे आसूड ओढले; महासंघाने त्यांना ठेवले आणि १९९८ चा विश्वचषक आला. त्याच महासंघाने २००८ च्या युरोपीय स्पर्धेत पहिल्याच फेरीत गारद झालेल्या रेमाँ दोमेनेक यांनाही ठेवले. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांच्या खेळाडूंनी सरावालाच नकार दिला आणि संघ गटात तळाला राहिला. दोघेही अप्रिय, दोघांनाही धीराने सांभाळले. फरक असा की जाके यांच्या संघाचा बचाव विश्वचषकाआधीपासूनच भक्कम होता, आणि खेळाडू त्यांच्या बाजूने होते. दोमेनेक यांच्यापाशी अखेरीस दोन्ही नव्हते. 'जाकेंनाही लोक शिव्या देत होते' हा युक्तिवाद म्हणूनच फारसा कामाचा नाही. शिव्या दोघांनाही पडल्या होत्या.

१७/
१७ जून १९८६, मेक्सिको सिटी. बाद फेरीत समोर फ्रान्स. बेआरझोत यांनी प्लातिनीला रोखण्यासाठी जुझेप्पे बारेसीला उभे केले. मॅराडोनासाठी जेंटिले, तोच जुना उपाय. पण माणूस तो नव्हता. प्लातिनीने पंधराव्या मिनिटाला गोल केला, मध्यंतराला बारेसीला बाहेर काढावे लागले, उत्तरार्धात स्तोपिराने दुसरा गोल केला. ०-२. सुरुवातीच्या अकरांत बेर्गोमी, काब्रिनी, शिरेआ, कोंती आणि अल्तोबेल्ली हे पाच जण चार वर्षांपूर्वी माद्रिदच्या अंतिम सामन्यात खेळलेले होते.

१८/
स्पर्धेनंतर बेआरझोत यांनी पद सोडले. त्यांची जागा घेतली आझेल्यो विचिनी यांनी. ते एकवीस वर्षांखालील संघाचे प्रशिक्षक होते आणि व्हियाल्ली, मान्चिनी, झेंगा, जान्नीनी ही मुले त्यांच्याच हाताखाली तयार झाली होती. दोन वर्षांत या संघाने युरोपीय स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली. शिरेआच्या जागी उभा होता फ्रांको बारेसी, जो १९९४ मध्ये इटलीचा कर्णधार म्हणून विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला. बेआरझोत यांच्या नावावर राष्ट्रीय संघाचे १०४ सामने आहेत. इटलीच्या दुसऱ्या कोणत्याही प्रशिक्षकाला तिथवर पोहोचता आलेले नाही.